टोपीवाली गोळी

गोकुळाच्या सोयरिकीच्या दिवशी तिच्या बापानं तोंडातून एक शब्द काढला नाई, ही गोष्ट आमच्या जातीत अजून बी सांगतात. काऊन काढला नाई, ते मात्र ज्याच्या मनाले येईन तसं सांगतात. कोणी म्हणते साधूनं मंत्र देल्ला होता, कोणी म्हणते देवकाबाईनं जीभ बांधली. देवकाबाई म्हणजे मी. अन् जीभ बांधता आली असती तर लग्नाच्या पहिल्याच साली बांधली असती ना बापा! म्हणून आता मीच सांगते, कान देऊन आयका.

नवऱ्याचं नाव मी घेत नाई. गाव त्याले मनसाराम म्हणते. आमी धिवर. आरमोरीच्या अलीकडं आमचं गाव, गावाले मोठा तलाव, अन् त्या तलावावर आमचं पोट. माणूस कामाले वाघ, पण तोंड! जाळं टाकतानी बोलणार, ओढतानी बोलणार, मासोळी सुटली तर मासोळीलेच शिव्या देणार. उचलली जीभ, लावली टाळ्याले. ह्याच तोंडापायी गोकुळाच्या दोन सोयरिका मोडल्या होत्या. एका इवायाले, पोराच्या बापाले, हा भर बैठकीत म्हणाला, "तुमचा पोरगा बसला हाय का उभा हाय, तेच कळून नाई राह्यलं." पोरगा ठेंगणा होता, खरं हाय. पण खरं बोलाची काई जागा असते का नाई? दुसऱ्या घरी जाऊन त्याईच्या जाळ्याच्या गाठी कशा चुकल्या ते शिकवत बसला. ते लोक म्हशीले पाणी दाखवून येतो म्हणून उठले, ते परत आलेच नाई.

तिसरी सोयरीक आली वडश्याकडून. बापूजी नावाचा धिवर, नदीकाठचं गाव, पोरगा उंच अन् कामाचा. तो वडश्याच्या बाजारात मासोळी इकाले बसे, अन् आमची गोकुळा बी माया संग टोपली घेऊन बसे. पोरगी तोंडानं काई बोलली नाई, पण बाजाराचा दिवस उगवला का सकाळीच वेणी घालून तयार. मायले कळत नाई काय? ही सोयरीक मोडली असती तर पोरगी आतल्या आत सुकली असती. मले ते पाहवलं नसतं.

अन् त्याच हिवाळ्यात तिच्या बापानं थंड पाण्यात उभं राहू राहू छातीत ताप भरून घेतला. दम लागला, डोळे फिरले, मी छाती पिटून राह्यली. तवा गुणवंतराव धावून आले. गुणवंतराव आमच्या गावचे मालगुजार, गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. म्हणजे सरकारनं मालगुजारी काढून घेतली त्याले चार-पाच सालं झाली होती. त्याईले तसं कोणी सांगतलंही असन, पण त्याईनं ते आयकलं नव्हतं. त्याईच्या घरी नागपूरहून आणलेल्या गोळ्यायची शिशी होती, कोण्या दुखणेकऱ्यासाठी आणली होती. अर्धी लाल, अर्धी पिवळी गोळी, वरतून टोपी घातल्यासारखी. आमी तिले टोपीवाली गोळीच म्हणो.

खोटं कायले बोलू, त्या गोळीनं माणूस वाचला. आठवड्यात उठून बसला अन् पहिलं काम केलं ते म्हणजे मायी पेज खारट झाली म्हणून सांगतलं. गुणवंतराव एवढे खूश झाले का सारी शिशीच त्याले देऊन टाकली. मालगुजारी गेल्यावर वाटाले त्याईच्याकडं दुसरं राह्यलं तरी काय होतं!

झालं. ज्या गोळीनं मरता माणूस उठला, ती उठलेल्या माणसाले पैलवान करन, हा त्याचा हिशेब. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी म्हणली, "ताप तर गेला ना, आता कायले?" तर म्हणे, "ताप गेला, ताकद कुठी आली? तुले काय कळते वो!"

आदी पोट बिघडलं. मंग जीभ पांढरी झाली. पांढरी म्हणजे कशी, दह्याची कवडी फासल्यासारखी. गालाच्या आतून बी तसंच, ओठाचे कोपरे फाटले, भात गिळतानी डोळ्यातून पाणी. अन् हा शहाणा म्हणे, छातीतली उष्णता तोंडावाटे निघून राह्यली, चांगली गोष्ट हाय. म्हणून दुपारी बी एक गोळी वाढवली.

आमच्या भागात महारोगाचं भ्या फार. अंगावर पांढरा डाग दिसला का लोकं त्या घरचं पाणी तोडतात. अन् बापूजीचा निरोप आला होता, येत्या आयतवारी येतो, पसंत पडलं तर ताट करूनच जाऊ. ताट म्हणजे आमच्यातली रीत हाय. पोरीचा बाप अन् पोराचा बाप एका ताटात जेवले का सोयरीक पक्की. मंग ती मोडत नाई. आता पांढऱ्या तोंडाच्या माणसासंग एका ताटात कोण जेवन?

मी त्याले गाडीत घालून आरमोरीच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर तरणा होता, पुण्याकडचा. त्यानं बत्ती लावून तोंड पाह्यलं अन् विचारलं, "औषध काय घेता?" ह्यानं मोठ्या तोऱ्यानं शिशी दाखवली.

"ताप उतरल्यावरही घेत राहिलात?"

"तापासाठी नाई साहेब, ताकदीसाठी."

डाक्टरनं कपाळावर हात मारला. म्हणाला, "ही बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर धरते ना, तिचीच चुलत बहीण."

"मी तोंडात शिळी भाकर नाई ठेवत, साहेब."

डाक्टर मोठा सोशिक. म्हणाला, "ही बुरशी सगळ्यांच्याच तोंडात-पोटात थोडी थोडी असते. पण पोटात चांगले जंतूही असतात, मोजता येणार नाहीत इतके. ते तिला पसरू देत नाहीत. या गोळीनं तुमच्या तापाचे जंतू मारले, तोवर ठीक होतं. पुढे तुम्ही खातच राहिलात, तेव्हा तिनं चांगलेही मारले. बुरशीला मात्र ही गोळी काही करत नाही. मग तिला रान मोकळं मिळालं."

आमची दोघायची तोंडं पाहून त्याले कळलं का काई डोस्क्यात गेलं नाई. मंग म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात मोहाची ढेप टाकली होती तो तुमच्याच गावचा तलाव ना?"

अरे बापा, हे दुखणं आरमोरीपर्यंत पोचलं होतं! झालं असं होतं का मरळ मासोळी रोहूची पिल्लं खाते, म्हणून आमच्या पोट्ट्यायनं मरळ माराले तलावात मोहाची ढेप टाकली. तेल काढून उरते ती ढेप पाण्यात पडली का मासोळी गुंगून मरते. अंदाजानं टाकली असती तर निभलं असतं. ह्यायनं गाडीभर ओतली. मरळ मेली, रोहू मेली, शेवाळ खाणारी बारीक मासोळी बी मेली. पावसाळ्यात सारा तलाव शेवाळानं भरला, डोंगा पुढं सरकत नव्हता. गोकुळाचा बाप तवापासून त्या पोट्ट्यायले शिव्या देत होता, "बयताडहो! चोर मारतानी राखणदार बी मारले!"

"तेच तुम्ही तुमच्या पोटात केलं आहे," डाक्टर म्हणाला. "गोळ्या टाकून द्या. थोड्या दिवसांत पोटातली चांगली वस्ती आपोआप परत येईल. तोवर हे जांभळं औषध तोंडात लावा. आणि घाबरू नका, हा महारोग नाही. एका ताटात जेवून लागत नाही."

मले पटलं. ह्याले नाई पटलं, ह्याले अपमान झाला. घरी येत परेंत बैलायले सांगत होता, "माया पोटात म्हणे शेवाळ! मी का ढेप खाल्ली काय? नागपूरची गोळी खाल्ली मी!"

घरी आल्यावर मी ती जांभळी शिशी कणगीमागं लपवली. काऊन? सांगते. पांढरं तोंड बंद ठेवलं तर दिसत नाई. जांभळे ओठ बंद ठेवले तरी दिसतात. इवाई येऊन जात परेंत औषध लावाचं नाई, असं मी ठरवलं. माणसाची आग आग होऊन राह्यली होती, मले का दिसत नव्हतं? पण एका पारड्यात त्याचं तोंड, दुसऱ्यात पोरीचा जलम. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"अन् आयतवारी तोंड उघडाचं नाई," मी म्हणली. "एक शब्द नाई. मी सांगन, सोयरीक जमत परेंत मौनाचा नवस हाय."

"मी? दिवसभर?"

"पोरीकडं पाहा."

त्यानं पाह्यलं. गोकुळा अंगण सारवत होती, अन् गुणगुणत होती. तो काई बोलला नाई. तवापासूनच त्यानं सुरू केलं म्हणा ना.

आयतवारी पाहुणे आले. बापूजी मोठा अंगाचा माणूस, खोकत खोकत उतरला. संग त्याची बायको धुरपता, डोळे असे का घराच्या कोपऱ्यातली जाळी बी सुटू नये. मी हात जोडून नवसाचं सांगतलं. बापूजी तर हरखूनच गेला. "पोरीसाठी मौन? असा बाप नाई पाह्यला आमी!" मंग तो बोलत बसला अन् हा मान हलवत बसला. बापूजीनं जाळ्याच्या गाठीची चुकीची रीत सांगतली, ह्यानं मान हलवली. बापूजी म्हणाला का नदीपुढं तलावाची मासोळी बेचव, तरी ह्यानं मान हलवली. मानेची शीर कशी तटतटून फुगली होती ते मलेच दिसत होतं. बापूजी धुरपताले म्हणे, "किती समजदार माणूस हाय पाहा. फालतू एक शब्द नाई." मी पदर तोंडात कोंबला.

अन् मंग ताट आलं. मरळीचा रस्सा, भिवापुरी मिरचीचा. मिरची कमी कशी करावं? तिखट कमी पडलं का इहीन म्हणणार, ह्या घरच्या बाईचा हात मेला. दोघं एका ताटाशी बसले. बापूजीनं घास घेतला, वा म्हणाला. गोकुळाच्या बापानं घास घेतला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी पाह्यला. कच्च्या मांसावर मिरची! डोळ्यातून धार लागली. गालावरून मिशीत, मिशीतून ताटात. तरी हूं नाई का चूं नाई. एक घास, दुसरा घास, सारा भात संपवला. मायं काळीज तुटून राह्यलं होतं. अन् धुरपता, ती कडक बाई, पदर डोळ्याले लावून हुंदके देऊन राह्यली. "पोरगी परक्याची होते म्हणून बाप रडून राह्यला. आमचा बाप असा रडला असता तर मी माहेराले पाठ नसती फिरवली." तिनं उठून गोकुळाले जवळ घेतलं, आपल्या हातची बांगडी तिच्या हातात घातली. सोयरीक पक्की झाली.

जातानी बापूजी पुन्हा खोकलला. गोकुळाच्या बापानं कोनाड्यातून टोपीवाल्या गोळ्यायची शिशी काढली अन् मुक्यानंच त्याच्या हातात देल्ली. मी पाह्यलं. मले वाटलं, बरं झालं, घरची पीडा गेली. खोकला तर होताच ना त्याले. रात्री मात्र मी विचारलं, तर म्हणे, "मले मानवली नाई, माया पोटाची चूक. एवढी भारी गोळी उकिरड्यावर टाकू काय? त्याचं पोट मोठं हाय."

गोळ्या गेल्या, जांभळं औषध लागलं, आठ-पंधरा दिवसात जीभ लाल झाली. तवापरेंत घर कसं मुकं मुकं झालं होतं. ज्या बडबडीले मी जलमभर कंटाळली, ती बंद झाली तर मले भाकर गोड लागेना. ज्या सकाळी त्यानं ओरडून सांगतलं का चुलीचा धूर कुठून येते ते मले कळत नाई, त्या सकाळी मी देवाले नारळ फोडला.

वैशाखात लग्न ठरलं. वऱ्हाड आलं, वाजंत्री वाजली, मी आरती घेऊन पुढं झाली, तर इवायाच्या तोंडाले दुपट्टा. बापूजी गाडीतून उतरला, हात जोडले, एक शब्द नाई. धुरपताचा चेहरा उतरलेला. मी समजली. तुमी बी समजले असान. पोराच्या लग्नात नाचाले ताकद पाह्यजे म्हणून त्यानं शिशी जपून ठेवली होती, अन् लग्न जवळ आल्यावर सकाळ-संध्याकाळ सुरू केली होती.

आमच्या लोकायले काय माईत? आपलं ठेवाचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहाचं वाकून. दसरू म्हणून आमचा चुलत जेठ, जातीचा पंच, तो आडवा झाला. "इवाई, दुपट्टा काढा." बापूजीनं मान हलवली. दसरूनं दुपट्टा ओढला, तोंड उघडाले लावलं. आत पांढरं.

"महारोग!" दसरू ओरडला. वाजंत्री थांबली. लोकं मागं सरकले. "ह्या घरी पोरगी नाई जाणार. मांडव उठवा."

गोकुळा हळदीच्या अंगानं आत बसली होती, ओरडा आयकून दाराशी आली. तिनं माया हात धरला, एवढा घट्ट का बांगड्या रुतल्या. खरं सांगतलं तर आपलं बिंग फुटते, का आपल्याच पोरीच्या सोयरिकीत आमी पांढरं तोंड लपवलं होतं. धुरपता तिथीच बांगडी उतरवून मागन. नाई सांगतलं तर मांडव उठते.

गोकुळाचा बाप पुढं झाला. मी मागून त्याचं धोतर धरलं, "गप्प बसा, आयका मायं..." त्यानं झटका देऊन सोडवलं.

"दसरूभाऊ, थांब," तो म्हणाला. "इवाई, गोळीची शिशी कुठी हाय?"

बापूजीनं बंडीतून काढली. तळाशी थोड्या टोप्या उरल्या होत्या.

"ही मीन देल्ली होती," गोकुळाचा बाप म्हणाला. "सोयरिकीच्या दिवशी मायं तोंड असंच पांढरं होतं. मौन नाई, नवस नाई, काई नाई. तोंड लपवलं होतं." अन् मंग जीभ सुटली ती सुटलीच. "हा रोग नाई बापहो, ही बुरशी होय. माणसाच्या पोटात तलाव असते. त्यात राखणदार असतात. ही गोळी म्हणजे मोहाची ढेप. दुखण्यात अंदाजानं टाकली तर चोर मरते, रोज ओतली तर राखणदार मरते, अन् मंग शेवाळच शेवाळ. मागच्या उन्हाळ्यात तुमीच पाह्यलं ना आपल्या तलावात?" डाक्टरनं सांगतलेलं सारं त्यानं असं सांगतलं, जसं काई त्यानंच शोधून काढलं होतं. तलावाचं नाव निघालं तशी माणसं मान हलवाले लागली. ज्या पोट्ट्यायनं ढेप टाकली होती ते हळूच मागच्या मागं पांगले. "अन् माया तोंडात पाहा, हाय काय काई?" म्हणून त्यानं आऽ केलं. दसरूनं वाकून पाह्यलं. लाल, साफ.

दसरू म्हणाला, "ताटात जेवून लागत नाई ना?"

"ताट आणा," गोकुळाचा बाप म्हणाला.

पण धुरपता मधात उभी राह्यली. तिचे ते डोळे ह्याच्यावर. "थांबा. त्या दिवशी तुमी रडले ते कायचं?"

गोकुळाचा बाप मायाकडं पाहाले लागला.

"मी घरी जाऊन चार बाया जमवून सांगतलं, पोरीसाठी बाप कसा रडला. मी बी रडली. ते पाणी मिरचीचं होतं?"

जलमभर बोलत आलेल्या माणसानं मान खाली घातली. मले वाटलं, गेली बांगडी.

तवा बापूजी बोलला. बोबडं, जड जिभेनं, पण बोलला. "ताट आणा म्हटलं ना? आणा. अन् रस्सा तिखट आणा. आता मायं पाणी पाहा." बसला, घास घेतला, अन् डोळ्यातून धार. पहिल्यांदा धुरपताच हासली. मंग सारा मांडव हासला. वाजंत्रीवाल्यायले कोणी सांगतलंही नाई, ते आपोआप वाजवाले लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळाची गाडी निघाली. ती माया गळ्यात पडली, मंग बापाच्या. अन् गोकुळाचा बाप फुटला. तसा रडतानी मी त्याले कधी पाह्यलं नव्हतं. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून हमसून हमसून, नाक वाहून राह्यलं.

"आज कायचा रस्सा होता गा, मनसाराम?" कोणी तरी ओरडलं. वऱ्हाड हासलं. धुरपता हासली, बापूजी दुपट्ट्यात हासला.

"खरं हाय!" तो रडत रडत म्हणाला. "सकाळपासून काई खाल्लं नाई मीन! देवकाबाईले विचारा!"

तसे लोकं आणखीन हासले. रडता रडता गोकुळा बी हासली, अन् हासतच गाडीत बसली. गाडी तलावाच्या पाळीवरून वळत परेंत तो ओरडत होता, "खरं हाय रे, खरं हाय!"

मले म्हणाला, "तू तरी सांगाचं ना."

काय सांगू? पदर तोंडात कोंबून मी बी हासून राह्यली होती.